दगडांच्या ट्रॉलीसाठी कॅमशाफ्ट

माझं माहेर तानसाकडचं, शहापूर तालुक्यातलं. सासर मुरबाडच्या पुढं, वैशाखऱ्याच्या रस्त्याला. दोन्हीकडं भात, दोन्हीकडं वाल आणि दोन्हीकडची माणसं 'मीच शहाणा' म्हणणारी. फरक एवढाच, की माहेरी भात झोडून झालं की मोकळ्या शेतात ट्रॅक्टरची ओढ लावतात. दगडांनी भरलेली ट्रॉली मागं साखळीनं बांधायची आणि पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या पट्ट्यातून झेंड्यापर्यंत न्यायची. झेंडा गाठला की पुढच्या फेरीला आणखी दगड. ज्याचा ट्रॅक्टर मध्येच बसला तो बाद.

ह्या ओढीत आमचे हे दरवर्षी उतरायचे. माझ्या माहेरी ह्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, 'ट्रॅक्टरवाले जावई' म्हणतात. जावयाला मान असतोच, पण ह्यांना तो ट्रॅक्टरमुळं जास्त आणि माझ्यामुळं कमी, असं मी माझ्या भावाला तोंडावर सांगितलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात चिखलणी करताना ह्यांची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चाला, पण ट्रॅक्टरवर बसायचं नाव काढू नका. मग ठरलं की यंदा ट्रॅक्टर मी चालवायचा. मला येतो. लग्नानंतर दोनच पावसाळ्यांत शिकले, आणि बांधावर उभं राहून हसणारे आता माझ्याकडूनच चिखलणी करून घेतात. इंजिन खोलायचं काम दिराकडं, त्याचा हात त्यात बसलेला. ह्यांच्या वाट्याला उरलं ते कॅमशाफ्ट निवडणं. एवढं एकच काम, आणि त्यावर ह्यांचा सगळा जीव. ते मला दिसत होतं, म्हणून मी त्यात नाक खुपसायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्यासारखीनं असं काही ठरवणं म्हणजे काय, ते आमच्या आळीला विचारा!

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या पोटातला एक दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटू देतात. इंजिननं हवा किती आत घ्यायची आणि कधी तोंड मिटायचं, हे सगळं त्या उंचवट्यांच्या हातात. पाठीमुळं खाटेवर पडून पडून ह्यांनी मोबाइलवर परदेशातले डिझेलचे ट्रक बघितले होते. तेही असंच वजन ओढतात, आकाशात काळा धूर सोडतात आणि बोंबलत सुटतात. ते बघून ह्यांच्या डोक्यात बसलं, की आपल्यालाही तसाच, उंच नि रुंद उंचवट्यांचा कॅमशाफ्ट पाहिजे.

कल्याणला एक लेथवाला असे दांडे घासून वेगळा आकार देतो. त्याच्याकडं आमच्या इंजिनाला बसणारे दोन तयार होते. दिरानं फोटो काढून पाठवले. एकाचे उंचवटे चांगले फुगलेले. दुसरा जवळजवळ मूळच्यासारखाच, थोडा भरलेला, बस्स.

"हा दुसरा काय, आमच्या आईसारखा सपाट दिसतोय," हे म्हणाले. माझी सासू तिथंच वाल सोलत बसली होती. तिनं एक शेंग फेकून मारली.

फुगलेला आला. दिरानं आणि मी रेडिएटर काढला, पुढचं कव्हर खोललं, हे खाटेवरून सूचना देत राहिले. "हळू रे, ठोकू नको. गो, तो नट कुठं टाकलास?" नट माझ्या पदरालाच बांधलेला होता. इंजिन जोडून झालं, स्टार्टर मारला, तर सकाळच्या थंडीत ते लवकर धरेना. धरलं तेव्हा पांढरा धूर असा निघाला, की शेजारीण विचारायला आली, पालापाचोळ्याचा राब पेटवलात की काय.

आता ओढून बघायचं होतं. त्या दिवसांत आमच्याकडं प्रत्येकाच्या ट्रॉलीत पेंढा. भारे रचून रचून ट्रॉली घराएवढी उंच करायची, दोर आवळायचे आणि कल्याणकडच्या तबेल्यांना पोचवायची. आमचीही भरलेली उभी होती. ह्यांनी तीच जोडायला सांगितली. मी माळशेजच्या रस्त्याला काढली आणि काय सांगू, ट्रॅक्टर सुटलाच! वरच्या गिअरला इंजिन असं गाऊ लागलं की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. परत आले तर हे खाटेवरून उठून अंगणाच्या कडेला आलेले, हात वर करून हसत होते. ऑपरेशननंतर ह्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. "बघितलंस? गच्च भरलेली ट्रॉली, आन् कशी नेली!" ते म्हणाले. आणि दीर, मी, सासू, टपरीवाले, सगळ्यांनी माना डोलावल्या. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, पण इथं जगाचं सोडा, पेंढ्याचे भारे स्वतःच्या हातांनी भरलेली आम्ही माणसं फसलो. आमच्याकडं ट्रॉली उंच दिसली की भरली. वजनाचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

माझ्या मनात आला तो दुसऱ्या दिवशी, भारे उतरवताना. एक भारा मी एका हातानं फेकत होते. मी फेकता फेकता थांबले. म्हटलं, अगं बाई, हे ओढलं आपण?

घराच्या जोत्यासाठी आणलेले काळे दगड मागं पडले होते. दिराला म्हटलं, भर. ट्रॉली निम्मीसुद्धा भरलेली दिसेना, पण टायर बसले. खालच्या शेतात नेऊन, साखळी ताणून, उभ्या जागेवरून क्लच सोडला. ट्रॅक्टरनं एक आचका दिला आणि बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. रेस वाढवून सोडला तर चाकं जागच्या जागी फिरली, ढेकळं उडाली आणि परत बंद.

"तू क्लच नीट सोडत नायस," हे बांधावरून ओरडले.

"क्लच मी नीटच सोडतेय. तुमचा कॅमशाफ्टच खालच्या गिअरला दम घेत नाय!"

"काल कसा घेतला मग?"

"काल पेंढा होता!"

"वयनी बरोबर बोलते," दीर हळूच म्हणाला. झालं! ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग चालवा तुमी दोघंच. माझं काय काम?" 'एवढं वाटतं तर या वर, तुमीच बसा' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात मी फार थोडे शब्द गिळले आहेत, त्यातला तो सगळ्यात मोठा घास.

दुपारी चहा घेऊन गेले तर हे आढ्याकडं बघत पडलेले. मी खाटेवरच बसले.

"राग आला?"

"राग नाय गो. चालवणार तू, खोलणार तो. मला एवढंच होतं. तेपण चुकलं."

मी म्हटलं, "चुकलं काय त्यात? पळवायला चांगलाच हाय तो. पण आपल्याला पळवायचं नाय, उभ्या जागेवरून उपसायचंय. लेथवाला बदलून देतो म्हणालाय. आमी कोणी जात नाय. तुमीच जावा, तुमीच निवडा."

"जीपनं? ह्या पाठीनं?"

"पट्टा बांधा. ड्रायव्हरशेजारी बसा. नायतर ओढ रद्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी दिराला दगडांची ट्रॉली परत ताणायला लावली आणि स्वतः सायलेन्सरपाशी कान देऊन उभे राहिले. इंजिन बंद पडलं तसे मान हलवत माझ्याकडं आले. "हवा घेतं आन् परत सोडतं. व्हॉल्व्ह उशिरा मिटतोय. जोरात फिरताना चालतं ते, हळू फिरताना सगळा दम बाहेर." मी काल हेच बोंबलत होते, पण कारण त्यांनी शोधलं, हे खरं.

दिरानं फुगलेला काढून दिल्यावर मुरबाडपर्यंत एसटी, पुढं जीप, असं करत हे कल्याणला गेले आणि संध्याकाळी तो सपाट कॅमशाफ्ट मांडीवर घेऊन आले. उंबऱ्यातच सासूला म्हणाले, "तुझ्यासारखाच आणला बघ. दिसाय गरीब, पण वढील." सासूनं ह्या वेळी शेंग मारली नाही.

ओढीच्या दिवशी माझ्या माहेरचं सगळं गाव बांधावर. बाईमाणूस ट्रॅक्टरवर म्हटल्यावर मोबाइल वर झाले. माझ्या आधीचे दोघं मोठा आवाज करत, धूर सोडत निघाले आणि अर्ध्या पट्ट्यात रुतून बसले. माझी पाळी आली. साखळी ताणली, खालचा गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रॅक्टर ओरडला नाही. नुसता घुमला आणि निघाला. इतका हळू, की कोणीतरी हसून म्हणालं, "अरे, बैल बरा ह्याच्यापेक्षा!" मला वाटलं, आता थांबतोय, आत्ता थांबतोय. पण तो थांबेना.

आणि बाजूला बघितलं तर फक्कीच्या रेघेबाहेरून हे चालत येत होते. पाठीला पट्टा, हातात काठी. ट्रॅक्टर जितका हळू, तितकेच हे. तळहात खाली दाबून मला सांगत होते, रेस वाढवू नको, आहे तसंच राहू दे. पंच ओरडले, "जावई, बाजूला व्हा!" हे रेघेच्या बाहेरच होते, म्हणून झाले नाहीत. तो फुगलेला कॅमशाफ्ट असता आणि कसाबसा सुटला असता, तर मी पुढं गेले असते आणि हे मागं कुठंतरी गर्दीत दिसेनासे झाले असते. हा असा चालला, की ह्यांना बरोबर येता आलं. मी झेंड्याकडं बघितलंच नाही. ह्यांच्याकडं बघत होते.

पुढच्या फेरीत दगड वाढले आणि शहापूरकडच्याच एका मोठ्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. आम्ही दुसरे आलो. त्याचं मला काही वाटलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून बाजारात, दवाखान्यात, देवळाच्या पायऱ्यांवर, कुठंही गेलं तरी मी पुढं जाऊन उभी राहायची आणि हे मागून येईपर्यंत वाट बघायची. त्या दिवशी पहिल्या फेरीत झेंडा जवळ आला तेव्हा हे चार पावलं पुढं होऊन माझ्याआधी तिथं पोचलेले होते आणि मला म्हणत होते, "ये गो, ये हळूहळू, मी हाय हितं."