समेवरची खुर्ची

निघताना बायकोने बजावलं होतं, "तिथे मान डोलवायची तर डोलव, पण तोंड उघडू नकोस."

मी म्हटलं, "मला काय एवढं कळत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर ती हल्ली देत नाही.

धाकट्या भावाच्या अल्बमचं रेकॉर्डिंग होतं. तो जॅझ गिटार वाजवतो. अंधेरीच्या मोठ्या हॉटेलांत लोक सूप पीत असताना कोपऱ्यात काहीतरी मंद वाजत असतं ना, ते बऱ्याचदा तो असतो. पन्नाशीला टेकल्यावर त्याने मनावर घेतलं, स्वतःच्या चालींचा एक अल्बम करायचा. जेवता जेवता नव्हे, नुसतं ऐकायला. बाकीच्या चाली होऊन गेल्या होत्या. उरली होती एक संथ चाल, त्याची सगळ्यात लाडकी. घाटकोपरच्या गॅलरीत बसून त्याने ती इतकी वर्षं घोटली होती की शेजारच्या काकू पोळ्या लाटताना ती गुणगुणायच्या. त्यात ड्रम वाजवणारा त्याच रात्री कायमचा मुलाकडे कॅनडाला चालला होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत जमली तर जमली, नाहीतर ती चाल अल्बमबाहेर.

माझ्याकडे हमालीचं खातं होतं. त्याचा अँप्लिफायर माझ्या गाडीत घालून घाटकोपरहून आरे कॉलनीतून मालाडला न्यायचा, आणि परत आणायचा.

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर भाजीवाल्यांचा गलका, आणि आत इतकी शांतता की मला माझ्याच पोटातलं ऐकू यायला लागलं. तिघे एकाच खोलीत वाजवणार होते: गिटार, ड्रम आणि माणसाच्या उंचीचा, जाड तारांचा उभा बास. रेकॉर्डिस्ट मुलगी काचेपलीकडे. तिने मला तिच्या शेजारी बसायला सांगितलं.

"मैफल कोणी काचेतून ऐकतं का?" असं म्हणून मी आत गेलो आणि भिंतीकडेच्या लाकडी खुर्चीवर बसलो. भावाने एकदा माझ्याकडे बघितलं, पण दादाला कोण बोलणार?

आता दोष कोणाला द्यायचा तर बाबांना देतो. गणपतीत ते आम्हा दोघांना गाण्याच्या बैठकीला न्यायचे आणि सतरंजीवर अगदी पुढे बसवायचे. गवई हिंडून फिरून बरोबर समेवर आला की "वा!" म्हणायचं. जो म्हणत नाही तो बाबांच्या हिशेबी आडदांड, जेवून ढेकर देऊन यजमानाकडे न बघता निघून जाणारा.

जॅझमधलं मला फारसं कळत नाही. पण भावाने एकदा समजावलं होतं की आवर्तन ठरलेलं असतं, ते फिरत राहतं, आत सुचेल ते वाजवायचं आणि पहिल्या मात्रेवर पुन्हा सगळ्यांनी भेटायचं.

"मग ही समच की रे!"

"तसं धर," तो म्हणाला होता. तसंच धरलं, आणि वाट लागली.

सुरुवातीला दोनदा बिघडलं. मग मात्र चाल लागली. भाऊ कुठल्या कुठे गेला, आता हा परत कसा येतो असं मला वाटत असतानाच अलगद पहिल्या मात्रेवर उतरला. आणि मी खणखणीत म्हणालो, "वा!"

तिघेही थांबले. स्पीकरमधून आवाज आला, "काका, तुम्ही काही बोललात का?"

"हे काढून टाकता येईल ना?" मी विचारलं.

"सगळ्या माइकांत आलंय, काका. गिटारमध्येसुद्धा."

मी आपणहून उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आत पुन्हा पुन्हा वाजवत होते. ड्रमवाल्याची टॅक्सी दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी समोरच्या दुधी भोपळ्यांकडे बघत बसलो.

दार उघडलं. भाऊ म्हणाला, "दादा, आत ये."

"का? अजून काही बिघडवायचं राहिलंय?"

"बाहेर बसलास तर बरोबर वाजतंय. नुसतंच बरोबर." तो पाणी प्यायला. "इतकी वर्षं हॉटेलांत वाजवतोय रे. तिथे लोक 'वा' म्हणतात ते सुपाला. ये, बस. फक्त तोंड मीट."

मी रुमालाची घडी करून दातांत धरली आणि त्याच खुर्चीवर बसलो. ड्रमवाला म्हणाला, "हा शेवटचा हां, यार." चाल सुरू झाली. भाऊ एकदाही वर बघत नव्हता, पण माझ्याकडे तोंड करून बसला होता. या वेळी तो मघापेक्षाही लांब गेला. परत यायला लागला तसा मी रुमाल घट्ट चावला. तो समेवर आला. तोंडातून काही निघालं नाही, मात्र बाकीचा सगळा देह पुढे झुकला आणि खुर्ची म्हणाली, कर्र.

पण ते थांबले नाहीत. शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी हललं नाही, मी तर श्वासही घेतला नसावा.

"मस्त झालं," रेकॉर्डिस्ट म्हणाली, "फक्त खुर्ची वाजलीय."

भावाने तेवढाच तुकडा लावायला सांगितला. गिटार उतरली, कर्र. पुन्हा लावायला सांगितलं. ड्रमवाला काठ्या पिशवीत भरता भरता हसला, "बरोबर मात्रेवर आहे की."

"राहू दे," भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "रुमाल काढ आता."

अल्बम आला तेव्हा बायकोला मुद्दाम ती चाल ऐकवली. तिने डोळे मिटून ऐकली, आणि मध्येच उघडले.

"हे काय वाजलं?"

"मी."

"तोंड उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

"नाही उघडलं," मी म्हणालो.