आतल्या कड्या

माझ्या यादीत चौदा प्रश्न होते. गुन्हा शाबित झालेल्या माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावं का, हे ठरवण्याआधी कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याकडून अहवाल मागवतं. ते माझं काम. जुन्या अहवालांत ‘वर्तन समाधानकारक’ एवढंच असायचं. त्यावरून पुढचा धोका कसा कळणार? म्हणून मी यादी केली: नोकरी किती टिकली, दारू, आधीच्या तक्रारी, शेजाऱ्यांचं मत. प्रत्येकापुढे चौकट. मॅडम भाजीलासुद्धा चौकटी मारत जातात, अशी ऑफिसात चेष्टा व्हायची. खरंच होतं ते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका माणसाने बायकोचा हात मोडला होता. जामिनावर तो घरीच होता, तीही तिथेच. प्रश्न एवढाच होता, तो पुन्हा मारेल का?

भर दुपारी गेले. शेजाऱ्यांनी त्याचं चांगलंच सांगितलं. चिंचोळी एमआयडीसीतली त्याची नोकरी आठ वर्षांची, दारू नाही. बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडलेलीच होती. तो शांतपणे, नेमकी उत्तरं देत होता. बायकोने चहा आणला. तिला विचारलं, आता कसं आहे? "चांगलं हाय की," ती म्हणाली आणि आत गेली. चौदापैकी तेरा चौकटी त्याच्या बाजूने पडल्या. घरात एवढी शांतता होती की माझ्या पेनाचा आवाज येत होता.

सकाळपासून फिरत होते, म्हणून निघताना बाथरूम विचारलं. दार लावून कडीसाठी हात वर नेला, तर कडी नव्हती. बोटांना स्क्रूची चार भोकं लागली, साबण भरून बुजवलेली. हात काढताच दार आपोआप, सावकाश उघडू लागलं. मी ते धरून उभी राहिले. खालच्या फटीतून दोन पावलं दिसत होती. हलत नव्हती.

"लोटलेलं राहू द्या, मॅडम," बाहेरून तो सौम्यपणे म्हणाला. "आमच्याकडं कोण येत न्हाय."

बाहेर येताना स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथेही चार पांढरे ठिपके. इतकी वर्षं मी बाहेरच्या खोलीतच बसून चहा पीत आले होते. घरच्या बाईला प्रश्नही तिथेच, नवऱ्यासमोर विचारायचे. यादीत तीही चौकट होती: पत्नीचे म्हणणे घेतले.

त्याची बायको घरी विड्या वळायची. दुसऱ्या दिवशी ती त्या द्यायला कारखान्यात आली, तिथे तिला एकटीला गाठलं. रांगेतल्या बायकांच्या गलक्यात ती पहिल्यांदा मोकळं बोलली.

"कडी लावली की त्यांना वाटतं, आत कायतरी चाललंय. म्हणून समद्या काढल्या. त्या दिवशी मी दाराला पाठ लावून बसले, तवा हात मोडला." मग सुपातल्या विड्या नीट करत म्हणाली, "बाई, रात्रीचं झोपल्यावर डोळं उघडलं की ते उभंच असत्यात. बघत. हे लिहू नका."

लिहिलं नाही. अहवाल त्याच्याही हाती पडणार होता. मी स्वतः पाहिलेलं तेवढं लिहिलं: बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या दारांना आतून कडी नाही, भोकं बुजवलेली, मी आत असताना तो दाराबाहेर उभा. धोका जास्त. एका घरात ठेवू नये. कोर्टाने त्याला बंधपत्रावर सोडलं, पण त्या घरी राहायचं नाही आणि दर आठवड्याला माझ्यासमोर हजर राहायचं, या अटींवर. तिने त्याच संध्याकाळी सुतार बोलावला.

यादीत पंधरावा प्रश्न आला: दारांना आतून कडी आहे का? बाईचं म्हणणं घराबाहेर, एकटीचं, हा सोळावा. मग जुन्या फायली काढल्या, जिथे मी ‘धोका कमी’ लिहून आले होते त्या. घरांची नवी यादी केली आणि क्रमाने जायला लागले.

पहिलं घर जुळे सोलापुरातलं, फ्लॅट. बाईने हसून दार उघडलं, बसा म्हणाली. मी बसले नाही, बाथरूम विचारलं. दार लावून हात वर नेला. इथे भोकं साबणाने नव्हती बुजवली. नीट पुट्टी भरून वरून दाराचाच रंग दिला होता.