डॅडींनी खणलेला खड्डा

बारावीचा रिझल्ट लागला आणि त्याच आठवड्यात डॅडी मला मस्कतबाहेरचं एक छोटं कॉलेज दाखवायला घेऊन गेले. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. अल मवालेहच्या भाजी मार्केटच्या बऱ्याच पुढे, उघड्या माळावर एक दुमजली बिल्डिंग... आणि जूनचं ऊन, बोलायची सोय नाही.

मम्मी आदल्या वर्षी गेली होती. मस्कतच्या घरात आम्ही दोघंच. मी लांब उडी मारायचे, आणि बरी नाही, चांगली मारायचे. मला वसईला मावशीकडे राहून मुंबईतल्या कॉलेजात खेळायचं होतं, डॅडींना मी इथेच हवी होते. शेवटी मीच म्हटलं, तिथलं स्पोर्ट्स धड असेल तर राहते.

तिथला कोच गोड बोलणारा होता. "सब है बेटा, लड़कियों की टीम भी बनेगी, इन्शाल्ला." म्हणजे टीम नव्हती. मैदान म्हणजे नुसती खडी, आणि एका कोपऱ्यात उडीचा खड्डा.

खड्डा दिसला की उडी मारणारा आधी वाळूत बोटं खुपसतो, ती सवयच असते. मी खुपसली आणि नख मोडलं. वाळू सिमेंटसारखी बसली होती, वर काटेरी झुडुपं उगवलेली. वर्षानुवर्षं तिथे कोणी उडी मारली नव्हती.

गाडीत मी एवढंच म्हटलं, "नाही जमणार डॅडी." त्यांनी नुसती गाडी सुरू केली. मला त्यांचा राग आला, कारण ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारची मिस्सा झाली. तिकडे आमचा रविवार शुक्रवारीच असायचा. चर्चमधून गाडी घराकडे न वळता पुन्हा त्याच रस्त्याला लागली. कॉलेज बंद होतं, पण वॉचमनने डॅडींना ओळखीचा सलाम केला आणि गेट उघडलं. मी चक्रावले...

खड्डा पूर्ण उकरलेला होता. झुडुपं काढलेली, वाळू चाळून मऊ केलेली, पुढे पाय टेकून उडायला टेकऑफची एक रंगवलेली फळी. डॅडी हॉटेलात मेंटेनन्सला होते, ड्युटी संपली की रोज इथे येऊन खणत होते म्हणे. स्टिअरिंगवर मी त्यांचे हात बघितलेच नव्हते. तळव्यांना फोड आले होते.

"आता बघ बाय," ते म्हणाले.

चर्चचे कपडे सावरून अनवाणी धावले आणि उडी मारली. वाळू खरंच मऊ होती.

उठून बघितलं तर डॅडी रडत होते. त्यांची कायम ड्युटी असायची, मला उडी मारताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. डोळे पुसून म्हणाले, "वसईला जा तू. इथे तुला बघायला माझ्याशिवाय कोण आहे?"

मी गेले. ते रिटायर होऊन वसईला येईपर्यंत त्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले, एकटेच जेवले. माझं म्हणाल तर दोन सीझन झाले आणि गुडघा गेला. संपलं सगळं.

फोनवर ते दर वेळी एकच विचारायचे, तिकडची वाळू मऊ आहे ना? गुडघा गेल्यावरही कित्येक महिने मी हो म्हणत राहिले. त्यांना खरं सांगायची हिंमत होत नव्हती.

गेल्या महिन्यात डॅडी गेले. वसईच्या चर्चमागे सगळे रांगेने त्यांच्या कबरीत मूठमूठ माती टाकत होते, माझी पाळी आली. हातात आलेलं ढेकूळ फारच कडक होतं... मी तिथेच उकिडवी बसले, बोटांनी फोडून ते अगदी मऊ केलं, आणि मग टाकलं.