बारानंतर एकवीस

ही गोष्ट मी घरात बोललो नाही, बाजारात तर नाहीच. बायकोला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही — कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगतोय. पण सुरुवात कुठून करू?

धंद्यापासून करतो. तिथं मला शब्द सापडतात. मी शाळांच्या भिंती रंगवून द्यायची कामं घेतो. बोलक्या भिंती म्हणतात त्यांना — पाढे, नकाशे, पानाफुलांची नावं. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत कितीतरी शाळांच्या भिंती माझ्या हातून झाल्या. हातून म्हणजे — ब्रश मी कधी धरला नाही. मी काम आणतो, घासाघीस करतो, वेळ पडली तर भांडतो. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. या जिभेवर उभा राहिलो. रंगवायचा देवराव.

देवराव पेंटर परतवाड्याचा. नववीत शाळा सुटलेली, पण अक्षर छापल्यासारखं. त्याच्या हातून कधी एक काना चुकला नाही, असं मुख्याध्यापक एकमेकांना सांगायचे. भिंत पूर्ण झाली की उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तो बोटाएवढी चिमणी काढायचा. तीच त्याची सही. मी एकदा म्हणालो होतो, काम माझं अन् चिमणी तुझी काहून? तो नुसता हसला होता.

आता माझी दहावी. ती मध्ये आणल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणून तरी कळेल का, कोण जाणे. मी अकोल्यात शिकत होतो. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं: अणूच्या पहिल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. मग आवर्तसारणी टांगली. पहिल्या ओळीत दोन मूलद्रव्यं, दुसऱ्या ओळीत आठ. जुळलं! तिसरीत मोजली — आठच. मी उभा राहिलो. सर, अठरा पाहिजेत ना, दहा कुठं गेली?

"तुह्या बापानं नेली असतील ठेल्यावर टाकून."

बाप भंगाराचा ठेला ढकलायचा. वर्ग हसला. पुष्कळ वेळ हसला. मी चुकीचं काय विचारलं होतं? सरांनाच उत्तर येत नव्हतं, असं मी आजही म्हणतो. त्यानंतर मी त्या तासाला बसलो नाही. आणि ती दहा मूलद्रव्यं माझ्या डोक्यात तशीच राहिली, वर्षानुवर्षं, चपलेत खडा राहावा तशी.

काही वर्षांपूर्वी भातकुलीकडच्या एका शाळेचं काम आलं. त्यांना अख्ख्या भिंतीवर आवर्तसारणी हवी होती. नमुन्यासाठी मी पुस्तक उघडलं, आणि नजर गेली ती तिसऱ्या ओळीवरच. मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअमच्या मध्ये मोकळी जागा — बरोबर दहा चौकटींची! आणि तिच्या खालीच, चौथ्या ओळीत, स्कँडिअमपासून जस्तापर्यंत दहा चौकटी. तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, चोरी सापडली. मी कागदावर स्वतःच्या हाताने सारणी काढली, ती दहा वर नेली, बाण केला. दोन, आठ, अठरा. कशी जुळली! असा आनंद मला कुठल्या सौद्यात झाला नव्हता.

देवरावने कागद पाहिला. चौकटींतले अणुअंक बोटाने वाचत गेला.

"भाऊ, बारानंतर एकवीस येते काय? अन् तीसनंतर तेरा? पुस्तकात तं हे डबे खालच्या ओळीत हायेत."

"पुस्तक तू लिहिलं काय? सांगतलं तसं काढ."

त्याने काढलं. कागद मला परत दिला, मी खिशात घातला. त्याने कोपऱ्यात चिमणी काढली.

भिंत पाहायला मुख्याध्यापक आले, शाळा समितीची माणसं आली, विज्ञानाच्या मॅडम आल्या. मॅडम तिसऱ्या ओळीपाशी थांबल्या. तेवढ्यात एक पोरगी मोठ्याने वाचायला लागली, "अकरा, बारा, एकवीस!" आणि सगळी पोरं हसली.

तेच हसू. तेच होतं का? की मला तसं ऐकू आलं? मला खरंच सांगता येत नाही. एवढं आठवतं, की मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं —

"मी नमुना बरोबर दिला होता. हा नववी शिकलेला माणूस, याले काय समजते?"

शर्ट पातळ होता. खिशातला घडी घातलेला कागद बाहेरून दिसत होता. देवराव माझ्या तोंडाकडे नाही, खिशाकडे पाहत होता. मग म्हणाला, "पुसून घेतो, मॅडम." बस. एवढंच. का? मला वाचवायला? की मी स्वतःच बोलेन, म्हणून वाट पाहिली? मी किती वेळा विचार केला, काही हाती लागत नाही.

मॅडम भल्या होत्या. पोरांना थांबवून त्यांनी समजावलं. एसटी डोळ्यांपुढे आणा, म्हणाल्या. तिसऱ्या बाकावर जागा अठरा, पण त्यातल्या दहा चाकावरच्या, धक्के बसणाऱ्या. चांगल्या आठ भरल्या, की पुढचे दोन प्रवासी चाकावर बसत नाहीत. ते चौथा बाक उघडतात. त्यांच्या मागून चढलेले दहा जण मग तिसऱ्या बाकावर, चाकावर जाऊन बसतात. सारणी क्रम धरते तो चढल्याचा. नवा बाक उघडला, की नवी ओळ.

"म्हंजे बसले तिसऱ्यावर, पण चौथा उघडल्यावर चढले, म्हणून ओळ चौथी," देवराव म्हणाला. हातात भिंत पुसायचा पोचारा होता त्याच्या.

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर. मीही मान हलवली. मला कळलं नव्हतं. बसायचं एकीकडे आणि नाव दुसरीकडे — हा कुठला न्याय?

त्याने दोन दिवसांत भिंत नीट केली. कोपऱ्यात चिमणी काढली नाही. मुख्याध्यापकांच्या बैठकांमधून गोष्ट फिरली, आणि नंतर प्रत्येक शाळा मला म्हणाली, काम तुम्ही घ्या, तो पेंटर नको. मी दुसरा पेंटर धरला. एका वाक्याने सगळं निस्तरलं असतं. मी ते कुठल्याच शाळेत बोललो नाही. कागद त्याच दिवशी बडनेऱ्याच्या स्टँडवर फाडून टाकला होता.

मागच्या वर्षी परतवाड्याला गेलो होतो. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर टाकत बसला होता. केस पांढरे झालेले. त्यानेच हाक मारली, चहा मागवला. मी ट्रॉलीचे चारही कोपरे पाहिले. चिमणी नव्हती.

"भाऊ, समजली काय मंग ते तिसरी ओळ?"

टोमणा होता का? त्याच्या आवाजात तर नव्हता. मी म्हणालो, समजली.

तेही खोटं. पण ते दुसरं खोटं. पहिलं हे: बारानंतर एकवीस मी लिहिलं होतं. देवरावने नाही.