कपाळामागचा मेंदू

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला बसले असेन — किंवा गप्प राहण्याचाच कंटाळा आला असेल. नेमकं काय ते मलाही ठरवता येत नाही.

मी पनवेलला एका नर्सिंग कॉलेजात शरीररचना शिकवते. एकवीस वर्षं झाली. आमच्या लॅबमध्ये प्लॅस्टिकचा मेंदू आहे, त्याचे भाग सुटे होतात. त्यातला थॅलॅमस कुणीतरी हरवला, तेव्हापासून त्या जागी आम्ही सुपारी ठेवतो. पुढचा मेंदू म्हणजे नुसता कपाळामागचा भाग नव्हे, हे मी पहिल्याच तासाला मुलींच्या गळी उतरवते. वरचा सुरकुतलेला मोठा मेंदू सगळा त्यात आला. त्याच्या पोटातली ती सुपारीही आली — डोळ्यांची, कानांची, कातडीची बातमी आधी तिच्याकडे येते, मग पुढे जाते. तिच्याखालचा हायपोथॅलॅमस तहानभूक, झोप, अंगातली ऊब सांभाळतो. कानशिलांच्या आत आठवणी पक्क्या होतात. आणि कपाळामागे फ्रंटल लोब.

इथे आले की मी जरा रेंगाळते. बेत आखणं, धीर धरणं, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज घेणं, जिभेवर आलेला शब्द गिळणं — ही कामं तिथली. तो भाग झिजला तर माणूस चालतो, बोलतो, स्वतःचं नावगाव सांगतो. त्याची भीड तेवढी जाते. ‘आणि लोक त्याला आजारी म्हणत नाहीत, वाईट म्हणतात,’ हे वाक्य मी दर वर्षी मुलींना वहीत लिहायला लावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत धवलारणीचा मान मोठा. मांडव, हळद, देवांना आवतण — प्रत्येक विधीला ती त्या त्या वेळचे धवले, म्हणजे विधीची गाणी, गाते, आणि तिनं गायल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. गव्हाण आणि आसपासच्या गावांत शेकड्यांनी लग्नं आईनं लावली असतील. लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात. एका देवाचं नाव चुकून वगळलं तर आख्खं कडवं पुन्हा पहिल्यापासून गायची.

आणि ती पीत नव्हती. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचंच सगळं आहे. माझे वडील दारूनं गेले, मी नववीत असताना. हळदीला पूर्वजांच्या नावानं प्याला ठेवतात, त्यातला मान धवलारणीलाही देतात. आई तो प्याला कपाळाला लावायची, दोन थेंब जमिनीवर सोडायची आणि बाजूच्या बाईकडे सरकवायची. ओठांना कधी लावला नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तिची मी एकुलती. लहानपणी प्रत्येक मांडवात तिच्या मांडीला टेकून बसलेली.

मग ती बदलायला लागली. आधी गोडाचं वेड. कधी साखरेला हात न लावणारी बाई, गूळ मुठीनं खायला लागली. मग शेजारीण रडत आली, तिचा दीर गेला होता, तर आई तिला म्हणाली, बाजूला हो, मना टीव्ही दिसत नाय. मी तिथेच होते. आई अशी नव्हती हो. दुसऱ्याच्या घरचं मयत असलं तरी दोन दिवस जेवण न जाणारी बाई ती. धवले मात्र सगळे पाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आता सांगा — आठवण शाबूत, भीड गेलेली, माया आटलेली, गोडाची हाव. मी हे शिकवते. परीक्षेत हाच प्रश्न घालते. त्या दिवशी गव्हाणहून परतताना रिक्षात माझ्या मनानं त्या आजाराचं नाव उच्चारलंही होतं. मी ते तिथंच गाडलं. का? कारण माझ्या सायलीचं लग्न जमत होतं.

मुलगा रोडपालीचा, चांगल्या नोकरीचा, सायलीच्या मनातला. बोलणी झाली होती, साखरपुड्याची तारीख धरायची होती. त्याच सुमारास चिरनेरला नात्यातलं एक लग्न निघालं. हळदीच्या दिवशी धवले म्हणायला आई. आणि मुलाची आई, माझी होणारी विहीण, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

आई छान गात होती. मध्येच थांबली. नवरीच्या बापाकडे बघून मोठ्यांदा हसली आणि त्याच्या जुन्या भानगडीबद्दल असं काही बोलली की मी ते इथे लिहिणार नाही. मग तिनं देवांसमोरच्या ताटातला लाडू उचलला आणि खाल्ला. दुसरा उचलला. तोंड भरलेलं असतानाच पुढचं कडवं सुरू केलं, अगदी बिनचूक. एका बाईनं तिच्या हाताला धरून तिला उठवलं, तर तिनं त्या बाईला शिवी हासडली.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. वाईट हेतूनं नाही, काळजीनंच विचारलं त्यांनी, “आजींना डोक्याचा काही त्रास आहे का हो? घराण्यात कुणाला होता?”

किती वेळ लागला मला? एक श्वास. असा आजार थोड्या घरांत पुढच्या पिढीत उतरतो, पुष्कळ घरांत उतरत नाही, हे मला ठाऊक होतं. समजावून सांगायला माझ्याइतकं लायक माणूस त्या मांडवात नव्हतं. मला तेवढं एकच दिसलं — ‘घराण्यात वेड’ हे शब्द रोडपालीला पोचतील आणि सायलीचा चेहरा उतरेल. माझी लेक मला आईपेक्षा जास्त होती, असं म्हणू? म्हणते. पण तेवढंच नव्हतं. मला आईची लाज वाटली होती. त्या क्षणी तिचा रागही आला होता.

मी म्हणाले, “नाही हो, डोक्याचं काही नाही. अलीकडे घ्यायला लागलीय ती. आज जरा जास्त झाली.”

हळदीचा मांडव, पूर्वजांचा प्याला, दारूनं गेलेला नवरा — सगळं कसं चपखल बसलं. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी ऐकलं. पोटची लेक सांगते म्हटल्यावर वास कोण घेऊन बघणार? विहीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला.

त्यानंतर आईला आवतण आलं नाही. पिऊन भान सोडणारी धवलारीण देवांना कशी बोलावणार? लोकांचं काय चुकलं? ती मात्र लग्नसराईत सकाळी उठून नऊवारी नेसायची, केसांत फूल माळायची आणि ओटीवर बसायची. दुपार झाली की उठायची. मी स्वतःची समजूत घालायची — तिचा तो भागच झिजलाय, अपमान कळण्याचा. तिला नाही लागत. माझ्या शास्त्राचा असा उपयोग केला मी. ती आजारी आहे हे जगापासून लपवायचं, आणि आजारी आहे म्हणून तिला दुखत नाही असं स्वतःला सांगायचं.

एका रविवारी गेले तेव्हा तिनं विचारलं, “मना कोन बोलवीत नाय आता. बाया बोलतान, मी पितंय. तूच बोललीस त्यांना?”

मी हो म्हणाले. नाही म्हणता आलं असतं, खरंही सांगता आलं असतं. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. वाटलं, आता भडकेल. ती म्हणाली, “तू शिकलेली हास. तू बोलतंस त खराच आसल. मनाच आठवत नसल.”

मी भाजी निवडत राहिले.

सायलीच्या लग्नात धवले उरणच्या एका बाईनं म्हटले. आईला मी आणलंच नाही. तब्येत बरी नाही, असं सांगितलं. लोक समजून गेले, म्हणजे मी जे समजावलं होतं तेच समजून गेले. लग्नानंतर तिला पनवेलला माझ्याकडे आणलं आणि मग एमआरआय केला. रिपोर्ट घ्यायला एकटी गेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. कपाळामागचा भाग आक्रसून घड्यांमध्ये रुंद काळ्या फटी पडलेल्या. ते मला समजावून सांगू लागले आणि मी वर्गातल्या मुलीसारखी मान हलवत ऐकलं. ती फिल्म माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

दिवाळीत विहीणबाई घरी आल्या. आई आतून आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात जोडले. “मी पितंय,” ती म्हणाली, “माज्या नातीला त्याच्यावरून बोलू नका. तिचा काय गुना नाय.” माया आटलेली म्हणून मी जिला मोडीत काढलं होतं, ती. विहीणबाईंचे डोळे भरले. त्यांनी तिचे हात धरले आणि म्हणाल्या, असू द्या हो आजी, सोडा आता ती सवय. आई म्हणाली, सोडतंय.

मी दोघींच्या मध्ये चहाचा ट्रे घेऊन उभी होते. दोन पावलांवर कपाट होतं. मी विचारलं, साखर किती घालू?

आई त्यानंतर दीड वर्ष जगली. शेवटी शब्द गेले, मग धवलेही गेले. दहाव्याला गव्हाणच्या बायका आल्या होत्या. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, गला काय होता तिचा, दारूनं वाट लावली बिचारीची. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. हो म्हणाले.