आतोबांचं नुकसान

आमच्या आतोबांइतका दुःख दाखवायच्या कामी नालायक माणूस सगळ्या बेंगळुरात शोधून सापडायचा नाही. आत्याचे हे यजमान सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले, बनशंकरीत राहतात आणि गल्लीत सगळ्यांचे अण्णा आहेत. स्कूटर बंद पडली की "सरी, स्वल्प चालणं होईल" असं कानडीमिश्रित म्हणत खुशीत ढकलत निघायचे. ती चोरीला गेली तेव्हा आत्यानं त्यांना बळेच पोलीस ठाण्यात पाठवलं. तिथं त्यांनी फौजदाराला स्कूटरचे सगळे दोष इतक्या प्रामाणिकपणे सांगितले, की तो म्हणाला, "अण्णा, मग तक्रार नेमकी कोणाविरुद्ध लिहू?" दाढ काढून आले तेव्हा गाल टम्म फुगलेला, बोलता येत नव्हतं, तरी खुणांनी दंतवैद्याचं कौतुक चाललेलं.

निवृत्तीनंतर त्यांनी कनकपुरा रस्त्याच्या बाजूला जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन शेवंती लावली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती अशी काही फुलली, की विचारू नका. आणि नेमकी तेव्हाच देवळं बंद, लग्नं बंद, फुलबाजार बंद. आजूबाजूच्यांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवले. आतोबा मात्र परवाना काढून शेतावर जायचे, फुलं खुडायचे आणि येताना वाटत यायचे. नाकाबंदीच्या बॅरिकेडला हार, दूधवाल्याच्या सायकलला हार. आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मरसुद्धा त्या दिवसांत नवरदेवासारखा दिसायचा. पण नवी रोपं आणायला हातात काही उरलं नव्हतं. सरकारनं फूलशेतीला मदत जाहीर केली तेव्हा आत्या म्हणाली, "मिळाली तर ठीक. नाहीतर हे शेत आता मोडायचं." आतोबांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

पाहणीच्या दिवशी दोघांना मीच गाडीतून नेलं. बागायत खात्याचा तरुण अधिकारी आला, सगळीकडे हिंडला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अण्णा, नुकसान कुठं आहे?"

"वाळलेली फुलं काढून टाकतो ना मी. झाडाला त्रास होतो," आतोबा म्हणाले, आणि त्याला सगळ्यात टपोरं फूल दाखवायला घेऊन गेले.

मग पिकात उभ्या शेतकऱ्याचा फोटो हवा होता. आतोबांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला.

"अण्णा, हसू नका."

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. शिंक अडकल्यासारखा चेहरा झाला आणि पुन्हा हसू आलं.

"अहो, विकलं किती गेलं ते तरी सांगा त्यांना!" आत्या कळवळून म्हणाली.

"एकही फूल विकलं नाही," आतोबा म्हणाले. "पण वाया एकही नाही गेलं."

"मग एवढी फुलं दिलीत कोणाला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

आतोबांनी पोलिसांचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "जास्त तर स्मशानाबाहेर. माणसं रिकाम्या हातानं उभी असतात तिथं. कुठं फूल मिळत नाही. ओंजळभर दिलं की..."

चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते शेवंतीकडे बघत राहिले. स्मशानाचं आत्याला आणि मला काहीच माहीत नव्हतं. अधिकाऱ्यानं तेवढ्यात फोटो काढला, मोबाइल खिशात ठेवला आणि जाताना आतोबांना वाकून नमस्कार केला.

मदत आली. थोडी होती, पण रोपांपुरती झाली, आणि शेत राहिलं.

आता काचबिंदूनं आतोबांची नजर जवळजवळ गेली आहे. "बरं झालं, पेपर वाचायला नको," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं. रविवारी मी दोघांना शेतावर नेतो. शेत मोडायला निघालेली आत्या त्यांचा हात धरून वाफ्यांमधून चालवते आणि कुठं काय फुललंय ते सांगत जाते. गेल्या खेपेला कडेचा अख्खा वाफा करपून काळा पडला होता. तिथं ती क्षणभर थांबली.

"हा कसा आहे?" आतोबांनी विचारलं.

"पिवळाधमक," आत्या म्हणाली, आणि त्यांना हळूच पुढं घेऊन गेली.