शरदचा रोपवे

शरद गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला निघालो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. चपला तशाच पायात, उलटा फिरलो. आदल्या रविवारी मी त्याच्याशी कसल्याशा फालतू गोष्टीवरून तणतणून उठलो होतो, तेच डोक्यात घोळत राहिलं. फार वाईट वाटलं होतं. आज पाच आठवड्यांनी वाटतं, थोडं अजून तणतणायला हवं होतं... गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मलाही कळतं. पण मला राग आला आहे आणि तो ऐकायला शरद नाही.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. शरद एका कंपनीत ड्राफ्ट्समन, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा. मास्तरकीमुळे माझी लांब सुटी उन्हाळ्यातच. त्यामुळे नागपूर भाजून निघायला लागलं की दर मे महिन्यात आम्ही दोघं हिमाचलातल्या एका वरच्या गावी जायचो. तिथे कांता नावाची सून आणि तिची सासू आम्हाला घरात ठेवून घेत. गावाच्या वर हिरवंगार कुरण होतं. शरद तिथे पालथा पडून फुलांची चित्रं काढायचा आणि मेंढ्या येऊन त्याचे कागद हुंगायच्या.

एका वर्षी नेमकं त्याच कुरणाचं काम शरदच्या ऑफिसात आलं. बर्फावर घसरण्याच्या खेळाचं मोठं ठिकाण होणार होतं. रोपवे, हॉटेलं, खालून थेट गावापर्यंत पक्का रस्ता. शरदने त्या नकाशाची प्रत गुपचूप माझ्या हातात ठेवली. "आता तू पाय गा, काय करतं तं," म्हणाला. मी पेटून उठलो. अर्ज, सह्यांची मोहीम, वर्तमानपत्रांत पत्रं... दोन वर्षं दुसरं काही सुचलं नाही. प्रत्येक अर्जावर माझ्या सहीखाली शरदची सही असायची. अखेर योजना बारगळली. त्या दिवशी आम्ही घाम फुटेस्तोवर सावजी रस्सा ओरपला. आयुष्यात काही केलं असेल तर हेच, असं मी पुढे विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना सांगत आलो. शरद शेजारी बसून मान डोलवायचा.

दोन-तीन वर्षांनी कांताच्या सासूने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. भर जानेवारीत कांताला कळा सुरू झाल्या. पायवाट बर्फाखाली होती. चौघांनी तिला खाटेवर घालून खाली न्यायला घेतलं, पण ती वाटेतच गेली. बाळही गेलं. शरदने पत्र वाचून घडी घातली आणि विचारलं, "चहा घेतं का गा?" आम्ही दोघांनी तो डोंगर फक्त मे महिन्यात पाहिला होता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. त्यालाही कळलं असणार. आपण दोघं मिळून गप्प बसलो आहोत, असं मी धरून चाललो. परत कधी त्या गावी गेलो नाही.

तेरवी झाल्यावर शरदच्या बायकोने, सुनंदावहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे नकाशांच्या गुंडाळ्या होत्या आणि एक जाड वही. शरदने ते बारगळलेलं ठिकाण बांधलं होतं. कागदावर, पण अगदी बोल्टासकट. वहीत वर्षावर्षाची हकिकत होती. रस्ता झाला. रोपवे सुरू झाला. कुरण गेलं, मेंढ्या गेल्या, झऱ्यात हॉटेलांचं सांडपाणी आलं, हेही त्याने लपवलं नव्हतं. आणि एका जानेवारीत लिहिलं होतं: कांताला जीपने खाली नेलं. मुलगी झाली.

पण हे सगळं झालं कसं? वहीच्या पहिल्याच पानावर होतं: 'विनायक म्हणाला, एकदा हिवाळ्यात जाऊन पाहू, मग ठरवू. पाहून आला आणि विरोध मागे घेतला.' मी विनायक. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, 'काढले' आणि 'तपासले'. 'तपासले'मध्ये माझी सही होती, शेवटच्या फराट्यासकट हुबेहूब गिरवलेली.

"वहिनी, तुम्हाले माहीत होतं?"

"सगळ्याईलेच माहीत होतं, भाऊजी. मी म्हणो, एकदा भाऊजीले दाखवा. तं म्हणत, विनायकले सोसणार नाही."

काय सोसणार नाही हे ठरवणारा हा कोण? दर रविवारी माझ्याकडचे पोहे खाल्ले, माझी तीच ती फुशारकी ऐकली, आणि घरी जाऊन माझ्या तोंडी ते घातलं जे स्वतःच्या तोंडाने एकदाही बोलला नाही. विनायक, आपण चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. मी भांडलो असतो, महिनाभर अबोला धरला असता... पण मग रडलो असतो. त्याने मला तेवढंही करू दिलं नाही.

गुंडाळ्या आता माझ्याकडे आहेत. शेवटचा नकाशा गावातल्या सहा खाटांच्या दवाखान्याचा आहे. त्यावर 'तपासले'ची चौकट रिकामी आहे. परवा चष्मा लावून मी तो नकाशा खरोखर तपासला. दवाखान्याचं दार त्याने उत्तरेला काढलं आहे. त्या बाजूला ऊन येत नाही, बर्फ साचला की हलत नाही. ऐन हिवाळ्यात ते दार उघडणारच नाही. इतकी वर्षं काढत बसला. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं मी.